रंगाचा विटाळ

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मी कलासमीक्षक नाही. कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. एकवीस वर्षं मुंबईत कलर लॅबमध्ये प्रिंटिंगच्या मशीनवर उभा होतो. लोकांची लग्नं, बारशी, मयती, पोरांचे वाढदिवस, सगळं माझ्या हाताखालून गेलं. त्या हातांना जे कळलं आणि नंतर पुस्तकं धुंडाळून जे समजलं, तेवढं सांगतो.

काल रात्री इथं पोचलो तेव्हा तुम्ही लावलेलं प्रदर्शन पाहिलं. दोरीला चिमट्यांनी टांगलेले चाळीसेक फोटो. नाक्यावरचे मजूर, गटारात उतरलेला माणूस, मोर्चा, पाडलेली वस्ती. मन लावून काढलेले फोटो आहेत. पण एकूण एक काळे-पांढरे! तुमच्या मोबाइलनं ते रंगीतच काढले होते. रंग तुम्ही मागाहून काढून घेतलात.

त्यातला एक फोटो वस्ती पाडल्यावरचा आहे. वाकलेले पत्रे, भांडी, रिकामा पाळणा, आणि ढिगाऱ्यावर खोवलेला झेंडा. झेंडा राखाडी. ज्या मुलीनं फोटो काढला तिला मी विचारलं, ‘पोरी, हा झेंडा कुणाचा गं?’ ती चिडली. म्हणाली, ‘काका, दिसत नाही का? आपलाच!’ मी म्हटलं, ‘नाही दिसत. राखाडी झेंडा कुणाचाही असू शकतो.’ तेव्हा ती म्हणाली, ‘ब्लॅक अँड व्हाइट केलं की सिरियस वाटतं. कलर ठेवला की नुसता मोबाइलचा फोटो वाटतो.’

हे वाक्य तिचं नाही. कुणीतरी ते तिच्या तोंडात घातलंय. कुणी घातलं, एवढंच आज मला शोधायचंय.

रंगीत छायाचित्र ही कालची गोष्ट नाही. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं एका पट्टेरी फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढवून घेतले आणि पडद्यावर एकावर एक टाकून रंग उभा करून दाखवला. १९०७ साली फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोमच्या काचा बाजारात आणल्या. त्यातला रंग यायचा रंगवलेल्या बटाट्याच्या स्टार्चच्या कणांतून. १९३५ साली कोडॅकची कोडाक्रोम फिल्म आली. ती शोधणारे मॅन्स आणि गोडाउस्की हे दोघेही पेशानं संगीतवाले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच साधा माणूस कॅमेऱ्यात रंगीत फिल्म घालू शकत होता.

मग रंग गेला कुठं? जाहिरातीत गेला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर गेला, सुट्टीतल्या फोटोंत गेला. कलेच्या देवळात मात्र त्याला प्रवेश नव्हता. अमेरिकेचा मोठा छायाचित्रकार वॉकर इव्हान्स. त्यानं १९३६ साली अलाबामातल्या गरीब गोऱ्या कुळांचे जे काळे-पांढरे फोटो काढले, ते आजही अंगावर येतात. त्याच इव्हान्सनं १९६९ साली लेखी निकाल दिला की रंगीत छायाचित्रण ग्राम्य असतं.

ग्राम्य! हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्या बोलीला लावला गेला, आपल्या गाण्याला लावला गेला. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘भडक’. आमच्या आया सणाला गर्द निळी, गुलाबी, पोपटी साडी नेसल्या की पांढरपेशा आळीत नाकं मुरडली जायची: काय हा भडकपणा! ज्यांना बाराही महिने धुळीचा रंग अंगावर वागवावा लागतो, त्यांनी एका दिवसाला रंग मागितला तर तो भडक. आणि ज्यांची कपाटं रंगांनी भरलेली, त्यांनी फिकट घातलं की ती अभिरुची. इव्हान्स आपल्याबद्दल बोलत नव्हता, हे मला कळतं. पण रंगाला विटाळ मानणारी नजर कुठं बसलेली असते, ते कळायला हा शब्द पुरेसा आहे.

गंमत पुढं आहे. चारच वर्षांनी, १९७३ साली, त्याच इव्हान्सच्या हाती पोलरॉइडचा झटपट रंगीत फोटो देणारा कॅमेरा आला. आयुष्याच्या शेवटी शेवटी म्हाताऱ्यानं त्यावर अडीच हजारांहून जास्त रंगीत फोटो काढले. जुन्या पाट्या, तुटके रंगीत शब्द, रस्त्यावरच्या खुणा. निकाल त्यानंच दिला, त्यानंच मोडला. माणूस म्हणून मला तो आवडतो. पण लोकांनी लक्षात ठेवला तो निकाल.

आता सगळा दोष अभिरुचीवर टाकून मोकळे होऊ नका. पैशाकडे बघा. काळी-पांढरी फिल्म गरीब माणूस मोरीत धुवू शकत होता. लाल बल्ब, तीन ट्रे, एक एन्लार्जर, झालं काम. कोडाक्रोम घरी धुता येत नव्हती, ती लॅबलाच पाठवावी लागे. रंगीत प्रिंट काही वर्षांत विटायचे, म्हणून म्युझियमवाले त्यांना हात लावायला कचरायचे. टिकणारा रंगीत प्रिंट हवा तर डाय ट्रान्स्फर करायचा. एका चित्रासाठी तीन वेगळ्या निगेटिव्ह, तीन ठसे, तीन रंग, कागदावर एकावर एक. ते जाहिरातवाल्यांनाच परवडायचं. म्हणजे त्या काळात काळं-पांढरं हे हाताच्या कारागिराचं होतं आणि रंग कंपनीच्या ताब्यात होता. ही गोष्ट खरी आहे आणि ती आपण कबूल केली पाहिजे.

आज चित्र उलटं झालंय. तुमच्या खिशातला मोबाइल रंग फुकट देतो. आज तुम्ही काळं-पांढरं करता ते गरजेपोटी नाही, बटण दाबून करता. गरज संपली आणि तिची प्रतिष्ठा तेवढी उरली.

कलेच्या इतिहासाची पुस्तकं उघडलीत तर त्यात एक साल ठळक असतं: १९७६. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगल्स्टनचं रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. तिथलं ते पहिलं रंगीत प्रदर्शन नव्हतं. १९६२ साली अर्न्स्ट हासचं तिथं झालं होतं. पण एगल्स्टनवर गहजब झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकानं त्याला सपक आणि कंटाळवाणं म्हणून झोडलं. पुढं तेच प्रदर्शन रंगाच्या प्रतिष्ठेची तारीख ठरलं. आता पुस्तकात येतं की तेव्हापासून रंगीत छायाचित्रण गंभीर कला झाली.

एगल्स्टनला शिव्या द्यायला मी उभा नाही. तो मोठा कारागीर आहे. त्याचा १९७३ सालचा एक फोटो आहे, मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावचा. एका खोलीचं रक्तासारखं लाल छत, मधोमध एक उघडा बल्ब आणि छतावरून धावणाऱ्या पांढऱ्या वायरी. बाकी जवळजवळ काही नाही. त्यातला लाल काढा. काय उरलं? बल्ब उरला. ही माझी साधी कसोटी आहे: रंग काढला आणि फोटो मेला, तर त्या फोटोत रंग काम करत होता. रंग काढूनही काही बिघडलं नाही, तर तो नुसता बसून खात होता.

पण १९७६ हे साल माझ्या घशाखाली उतरत नाही. कारण त्याच्या बरोबर वीस वर्षं आधी एक काळा माणूस ही कसोटी पास होऊन बसला होता.

त्याचं नाव गॉर्डन पार्क्स. जन्म १९१२, कॅन्सस राज्यातलं फोर्ट स्कॉट गाव, पंधरा भावंडांत धाकटा. रेल्वेच्या डब्यात वेटर होता. एका मासिकात विस्थापित मजुरांचे फोटो पाहिले आणि १९३७ साली गहाणवट्याच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला. पुढं तो ‘लाइफ’ या बड्या साप्ताहिकाचा पहिला काळा नोकरीवरचा फोटोग्राफर झाला. आत्मचरित्राचं नाव त्यानं ठेवलं ‘अ चॉइस ऑफ वेपन्स’, म्हणजे हत्याराची निवड. त्यानं निवडलेलं हत्यार कॅमेरा होतं. ज्या ब्लॅक पँथर्सवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं आपलं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर्सचे फोटोही त्यानं १९७० साली ‘लाइफ’साठी काढले.

१९५६ साली ‘लाइफ’नं त्याला अलाबामात पाठवलं. बसमध्ये काळ्यांनी मागं बसायचं या नियमाविरुद्ध माँटगोमेरीत बहिष्कार चालू होता तो काळ. पार्क्सनं काय केलं? मोर्चा काढला नाही, लाठीमार काढला नाही. मोबिल शहर आणि आसपासच्या एका मोठ्या काळ्या कुटुंबाबरोबर तो राहिला आणि त्यांचा रोजचा दिवस काढला. रंगीत फिल्मवर.

त्यातला एक फोटो तुम्ही शोधून पाहाच. मोबिलच्या एका मोठ्या दुकानाचा बाजूचा दरवाजा. दारात एक तरुण काळी बाई उभी, फिकट निळ्या रंगाचा नेटका झगा घातलेला, शेजारी छोटी भाची नटूनथटून. दोघी एखाद्या समारंभाला निघाल्यासारख्या. त्यांच्या डोक्यावर दुकानाची निऑन पाटी, लालभडक: ‘कलर्ड एन्ट्रन्स’. म्हणजे काळ्यांनी या दारानं यायचं. त्या बाईंनी पुढं म्हातारपणी सांगितलं की भाचीला पॉपकॉर्नचा वास आला होता, तिला ते हवे होते. पण त्या पाटीखालून पोरीला आत न्यायची त्यांची तयारी नव्हती.

आता हा फोटो मनातल्या मनात काळा-पांढरा करून बघा. पाटी राखाडी, झगा राखाडी. लगेच वाटतं, हं, जुन्या काळातलं दुःख आहे. हळहळून पान उलटायला मोकळे! रंगीत बघितला की पळवाट राहत नाही. ती लाल पाटी जुनी नाही. ती विजेवर चालते. दुकानदार दर महिन्याला बिल भरून जात पाळतोय. आणि तो निळा झगा सांगतो की दारात उभी आहे ती कीव करायची वस्तू नाही. सकाळी उठून, आवडीनं, निवडून कपडे घातलेली बाई आहे. लाल व्यवस्थेचा, निळा माणसाचा. दोघांची टक्कर फक्त रंगात दिसते. त्यावर ‘कलर्ड’ हा शब्द! रंगवाले! ज्यांना रंगवाले म्हणून मागच्या दारानं पाठवलं, त्यांच्या माणसानं रंगातच साक्ष लिहून ठेवली.

दुसऱ्या एका फोटोत पाण्याचे दोन नळ आहेत, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. त्यावर मी तुम्हाला काय सांगणार? ज्यांना २० मार्च १९२७ ही तारीख पाठ आहे, त्यांनी चवदार तळं डोळ्यांपुढं आणावं. महाडच्या पाण्याचा रंग मात्र कुणी टिपून ठेवलेला नाही.

‘लाइफ’नं त्यातले २६ फोटो २४ सप्टेंबर १९५६ च्या अंकात छापले. फोटोत दिसलेल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली, कुटुंबाला गाव सोडावं लागलं. फोटो काढणं म्हणजे काय, ते इथं कळतं. क्लिक आपण करतो, किंमत समोरचा देतो. हे विसरलेला माणूस कितीही रंग भरू दे, माझ्या लेखी तो फोटोग्राफर नाही.

पुढं ते रंगीत फोटो विस्मरणात गेले. पार्क्स २००६ साली वारला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच्या नावानं चालणाऱ्या संस्थेला साठवणीतल्या एका पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं, चिकटपट्टी लावलेलं पुडकं सापडलं. वर लिहिलेलं: सेग्रिगेशन सिरीज. आत त्या दौऱ्याच्या रंगीत ट्रान्स्परन्सी, छापल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. मग त्यांची प्रदर्शनं झाली, पुस्तकं निघाली.

पार्क्स काही अनामिक नव्हता. ‘शाफ्ट’ हा १९७१ चा गाजलेला सिनेमा त्याचाच. तरी कुणी म्हटलं नाही की रंगीत छायाचित्रण १९५६ साली मोबिलच्या मागच्या दारात गंभीर झालं. का? तो ‘बातमीचा फोटो’ होता म्हणून. त्यात ‘विषय’ होता म्हणून. हेच ना आपल्या साहित्यालाही ऐकवलं? अनुभव दांडगा आहे हो, पण कला कुठाय? गोऱ्या माणसानं रिकामं छत काढलं की रूप, काळ्या माणसानं दरवाजा काढला की फक्त आशय. रूप त्याचं आणि आशय आमचा, ही वाटणीसुद्धा दोन नळांचीच वाटणी आहे.

एक धागा राहिला. एगल्स्टन वाढला मिसिसिपीतल्या समनर गावात, कापसाच्या मळेवाल्या घराण्यात. १९५५ च्या सप्टेंबरात याच समनरच्या कोर्टात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला चालला. सगळे ज्युरी गोरे पुरुष. तासाभरात आरोपी निर्दोष सुटले. एगल्स्टन तेव्हा सोळा वर्षांचा. पंधराएक वर्षांनी त्यानं समनरला एक रंगीत फोटो काढला. पानगळ झालेली, पांढरी गाडी उभी, पुढं त्याचा गोरा नातलग काळ्या सुटात, मागं काळा नोकर नोकराच्या पांढऱ्या कोटात. दोघेही हात खिशात घालून अगदी एकसारखे उभे. आयुष्यभर एकमेकांच्या सहवासात राहून लकबसुद्धा एक झालेली, आणि तरी मधली जागा भरत नाही. फोटोत शब्दानं काही सांगितलेलं नाही. रंग सांगतो. आपल्याकडे मालक आणि सालगडी असेच एकसारखे तंबाखू मळताना कितीदा दिसतात! म्हणून म्हणतो, एगल्स्टनही वाचा. शत्रूच्या वाड्यातूनसुद्धा कधी कधी खरी बातमी बाहेर येते.

आता माझ्या धंद्याकडे येतो. रंग निर्दोष असतो असं समजू नका. फिल्मलाही जात होती.

रंग बरोबर आला की नाही हे तपासायला कोडॅक लॅबना एका गोऱ्या बाईचा नमुन्याचा फोटो पाठवायची. धंद्यात त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे. त्या बाईचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. बाकीच्यांचे चेहरे मग यायचे तसे येवोत. गोरं आणि काळं पोर एकाच बाकावर बसलं तर गोऱ्याचं नाक-डोळे यायचे आणि काळ्याचे नुसते दात. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी कोडॅकच्या जुन्या माणसांना गाठून याचा इतिहास लिहिला. त्यात एक गोष्ट अशी की तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून आधी बोंब मारली ती चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. त्यांच्या जाहिरातीत दोन चॉकलेटांतला फरक दिसेना! माणसाच्या कातडीनं जे झालं नाही, ते चॉकलेटनं झालं.

आणि पोलरॉइड. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकार काळ्या माणसाला पासबुकाशिवाय फिरू देत नव्हतं. त्या पासबुकातले फोटो पोलरॉइडच्या सामानावर निघत. १९७० साली कंपनीतल्याच दोन काळ्या कामगारांना, कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स यांना, हे कळलं. त्यांनी कंपनीच्या दारात आंदोलन उभं केलं. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. सात वर्षांनी, १९७७ मध्ये, पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतला धंदा बंद करावा लागला. ज्या कंपनीच्या कॅमेऱ्यानं इव्हान्सला रंग दिला, त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यानं कुणाच्या गळ्यात पट्टा घातला. यंत्र कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न कधी सोडू नका.

आमच्या लॅबमध्ये मशीनला चार बटणं असायची. एक उजळ-गडदचं, तीन रंगांची. मालकाचा हुकूम एकच: चेहरे उजळ काढा, गिऱ्हाईक खूश राहतं. मीही डोळे मिटून बटण दाबायचो. माझ्याच लोकांचे चेहरे मी वर्षानुवर्षं धुवून काढले, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

१९९६ च्या मे महिन्यात एक मावशी लग्नाचे रोल घेऊन आल्या. हॉस्पिटलात आयाचं काम करणाऱ्या. बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरी पांढऱ्या साडीत, मागं टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेब. आता पांढरी साडी आणि सावळा चेहरा एका फोटोत आला की मशीन गोंधळतं. भरपूर पांढरं बघून सगळाच फोटो गडद काढतं. साडी मळकी, चेहरा काळाठिक्कर. मी नेहमीप्रमाणे उजळचं बटण दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा. चेहरा गोरा झाला. साडीच्या निऱ्या गेल्या, काठ गेला, बाबासाहेबांचा निळा कोट धुतल्यासारखा झाला.

मावशींनी काउंटरवर अल्बम उघडला, चार पानं उलटली आणि मिटला. म्हणाल्या, ‘दादा, ही कुणाची पोरगी लावलीय? माझी न्हाय ही.’

मालक हसला. मला हसता आलं नाही. रात्री पाळी संपल्यावर कोपऱ्यातला जुना एन्लार्जर काढला. रंगीत कागदाला लाल बल्बसुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखात चाचपडत काम. साडीला पुरेसा उजेड दिला आणि तेवढ्यात तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यानं चेहऱ्यावर तीन सेकंद सावली धरली. पाच कागद वाया गेले. सहाव्याला निऱ्या आल्या, काठ आला, निळा आला. आणि चेहरा आला, सावळा, तुकतुकीत, जसा होता तसा. निगेटिव्हमध्ये ते सगळं पहिल्यापासून होतं. मारलं होतं ते माझ्या बोटानं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तो फोटो हातात धरला, नवरीच्या गालावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हां. लहानपणी चुलीपाशी भाजलं होतं तिला. डाग आलाय बघा.’ एवढंच. मालकानं सहा कागदांचे पैसे माझ्या पगारातून कापले. त्या दिवसापासून मी रंगाला गंभीरपणे घ्यायला लागलो. गंभीर माध्यम म्हणजे माझ्या लेखी एवढंच: ज्यात आईला पोरीच्या गालावरचा डाग सापडतो.

तुम्ही म्हणाल, काका काळ्या-पांढऱ्याच्या मागं हात धुवून लागले. तसं नाही. एमेट टिलच्या आईनं शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि ‘जेट’ मासिकानं तो ठेचलेला चेहरा छापला, तो फोटो काळा-पांढराच होता. त्यानं अमेरिका हलवली. खुद्द पार्क्सनं १९४२ साली सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसन या बाईला झेंड्यापुढं, हातात झाडू देऊन उभं केलं, तेही काळ्या-पांढऱ्यात. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांच्या आयुष्यावर जे काम केलं तेही काळं-पांढरं, आणि त्या कामापुढं मी टोपी काढतो. ज्यानं विचार करून काळं-पांढरं निवडलं त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण रंगाला लाजणाऱ्याशी आहे.

आणि आपण रंगाला लाजावं? एक प्रश्न विचारतो. बाबासाहेबांचे जे फोटो आपण पाहतो, ते बहुतेक सगळे काळे-पांढरे. मग बाबासाहेबांचा कोट कुठल्या रंगाचा? (सभेतून : निळा!) कुणी सांगितलं तुम्हाला? कॅमेऱ्यानं नाही सांगितलं. कॅलेंडरं रंगवणाऱ्यांनी, वस्तीच्या भिंती रंगवणाऱ्यांनी, पुतळ्यांना रंगाचा हात देणाऱ्यांनी सांगितलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत ज्या समाजानं स्वतःच्या हातानं निळा भरला, त्याची पोरं आज मोबाइलनं दिलेला निळा काढून टाकतायत, कशासाठी, तर गॅलरीवाला सिरियस म्हणेल म्हणून!

गॅलरीवाल्याला आपलं दुःख राखाडी आवडतं. राखाडी दुःख शेकडो वर्षांचं वाटतं, म्हणजे कुणी केलेलं वाटत नाही. भिंतीवर सोफ्याच्या रंगाशी भांडत नाही. रंगीत फोटोत तारीख असते. ताडपत्रीचा निळा, बुलडोझरचा पिवळा, साहेबाच्या गाडीवरचा दिवा. हे आत्ता झालंय आणि अमक्यानं केलंय, हे रंग ओरडून सांगतो.

म्हणून चार गोष्टी सांगून बसतो. रंगीत काढा, आणि रंग बघायला शिका: उन्हाचा वेगळा, ट्यूबलाइटचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. फ्रेममध्ये कुठला रंग कुठल्या रंगाशी भांडतोय ते हेरा आणि तिथंच उभे राहा. माणसाचा चेहरा उजळ करणारं बटण मोबाइलमध्येही असतं. ते बंद करा. आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो दाखवा. ‘ही माझी पोरगी नाही’ असं कुणी म्हटलं तर पुन्हा काढा.

आज सकाळी चहाच्या वेळी ती मुलगी माझ्याकडे आली. मोबाइलमध्ये तिनं मूळ फोटो उघडून दाखवला. पत्रा गंजका तांबडा, पाळण्याची दोरी हिरवी, आणि झेंडा निळा. बराच वेळ आम्ही दोघं बघत उभे होतो. मग तिनं दोरीवरचा राखाडी फोटो काढून घेतला. तिथं आता नुसता चिमटा लटकतोय. नवा प्रिंट घेऊन ती यायचीय. जाताना तो बघून जा.

जय भीम.